खानदेशातील आदिवासी कलावंतांचा मान

होळीच्या आधीच्या आठवड्यात डांगातील आहवा या गावी दरबार भरतो. गढवी, आमाला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी येथील पाच भिल्ल राजे मिरवणुकीने येतात आणि गुजरातचे राज्यपाल त्यांना सरकारी तनखा देतात. हा सोहळा पाहणाऱ्यास वाटावे, की आदिवासी वडीलधाऱ्यांचा गौरव करण्यात आपले राज्यकर्ते मोठे उदार. परंतु तनख्याचे मूळ शोधीत गेले म्हणजे निराळीच हकीकत हाती येते. त्या काळी डांगावर खानदेशातील इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख असे. १८४२ साली सरकारने तेथील सागवान तोडण्याचा हक्क या राजांकडून पट्ट्याने घेतला; जहाजे बांधण्यास ते लाकूड हवे होते. राजांस जे मिळू लागले ते वस्तुतः रानाचे भाडे होय. त्यावर मानाची झालर चढविली गेली, इतकेच.

खानदेशातील आदिवासींच्या सरकारी मानसन्मानाचा इतिहास असा रानाच्या आणि बंदोबस्ताच्या हिशेबातून सुरू होतो. १८१८ साली पेशवाई बुडाली व हा प्रांत इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे केले. पुढील सात वर्षे भिल्ल नाइकांशी चकमकी चालूच राहिल्या. फौजा पाठवून डोंगर काही हाती येईना, तेव्हा एल्फिन्स्टनच्या सरकारने १८२५ साली धोरण बदलले. भिल्लांकरिता स्वतंत्र एजन्सी नेमली, नाइकांना नेमणुका बांधून दिल्या, आणि जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावास भिल्लांचीच पलटण उभारली. धरणगाव म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातले. ज्याने घाट राखावा, वाटसरूंना उपद्रव होऊ देऊ नये, त्यास मान मिळे. ज्याने मान ताठ ठेवावी त्याचा पाठलाग होई. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारचा वेतनी मनुष्य होता. १८५७ साली तोच बंडाचा पुढारी झाला, आणि सरकारी कागदांत त्याची गणना दरोडेखोरांत झाली. आज त्याला स्वातंत्र्यवीर म्हणतात. मनुष्य एकच, त्याला काय म्हणावयाचे हे लेखणी धरणाराने ठरविले.

या सगळ्या उलाढालीत भिल्ल, पावरा, तडवी, कोकणी या समाजांतील गाणारा, वाजविणारा, कथा सांगणारा कोठेच दिसत नाही. तो नव्हता असे मुळीच नाही.

साक्री तालुक्याच्या पश्चिमेस आदिवासी गावांत मार्गशीर्ष महिन्यात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. व्रत घेतलेले पुरुष, ज्यांना माऊल्या म्हणतात, ते त्या दिवसांपुरता घरसंसार बाजूला ठेवतात आणि रात्री रिंगण धरून नाचतात. पौर्णिमेच्या रात्री ही सर्व मंडळी देवाच्या डोंगरावर जातात. हे रिंगण ज्याच्या सुरावर फिरते तो पावरीवाला. वाळलेला भोपळा, वेळूच्या नळ्या आणि शिंग यांची ती पावरी. तिच्यातील सूर तुटू द्यावयाचा नसतो. म्हणून वादक गालात साठविलेला वारा बाहेर सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास आत घेतो. ही युक्ती कोणत्याही पुस्तकातून येत नाही. वडिलांच्या किंवा मामांच्या शेजारी बसून कित्येक रात्री घालवाव्या लागतात. पावरीवाला दमला तर नाच थांबतो, आणि नाच थांबला तर देवाचे काम थांबते. शहरी मैफलीत तबलजी बदलता येतो, तसा येथे मनुष्य बदलता येत नाही.

कथा सांगणाऱ्याचे वाद्य याहून साधे. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवितात आणि तिच्यावरून बोटे ओढीत राहतात. त्यातून जो गुंगणारा नाद निघतो, त्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा रात्रभर चालते. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती ठाऊकच असते, तरीही ते उठत नाहीत. आपल्याकडे एकादशीच्या कीर्तनाला जी मंडळी बसतात त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या समाजांना मान कसा द्यावा हे ठाऊक नव्हते असेही नाही. १९३७-३८ च्या सुमारास तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदे तालुक्यात, गुला महाराजांनी आरतीची चळवळ सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांस 'आप' म्हणा, असा त्यांचा उपदेश होता. ज्यांना सारे जग अरेतुरे करीत होते, त्यांनी प्रथम आपसांत आदराने बोलावे, ही केवढी मोठी गोष्ट! १९३८ साली ते वारले. बंधू रामदास महाराजांनी काम पुढे चालविले. पुढे १९७० नंतर शहाद्याकडे जमिनीसाठी लढणारे अंबरसिंग सुरतवंती यांनाही लोक महाराजच म्हणत, आणि त्यांच्या सभांना भजनांची साथ असे. ही पदवी कोणत्याही दरबाराने दिली नव्हती आणि तिची नोंद कोणत्याही राजपत्रात झाली नाही.

नोंदीचा हा प्रश्न धुळ्यासारख्या शहरात अधिकच टोचतो, कारण हे शहर कागद जपणारे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस येथे निवर्तले, आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून मिळविलेली दप्तरे सांभाळण्यास १९२७ साली संशोधन मंडळ स्थापन झाले. ते कार्य थोरच. तथापि दप्तर हे वतनदाराच्या माळ्यावर सापडावयाचे. पावरीवाल्याच्या झोपडीत काय सापडणार? ग्रीअर्सनच्या भाषापाहणीचा भिल्ली बोलींविषयीचा भाग १९०७ साली निघाला. त्यात प्रत्येक बोलीचा ठरीव नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट देण्याची रीत होती. भाषा भिल्लांची, गोष्ट मात्र पॅलेस्टाइनची. सरस्वतीचा लाभ निरक्षरालाही होतो हे खानदेशास बहिणाबाई चौधरींनी दाखविले. पण त्या लेवा शेतकरी कुटुंबातील, घरात कवी पुत्र, म्हणून ती गाणी वहीत उतरली. तरीसुद्धा पुस्तक निघाले ते १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. ज्या घरात वहीच नाही, तेथील गाणी कोठे गेली असतील याची कल्पनाच केलेली बरी.

स्वातंत्र्यानंतर काही दारे उघडली. ती कशी उघडली हे पाहण्याजोगे आहे. डहाणूकडील वारली चित्रे पूर्वी लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर काढीत. जिव्या सोमा मशे हा पुरुष रोजच चित्रे काढू लागला. भास्कर कुलकर्णी यांनी तेथे जाऊन त्यांच्या हाती कागद दिला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. नर्मदेपलीकडे झाबुआच्या पिटोल गावची भिल्ल बाई, भूरीबाई, भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिला चित्र काढावयास सांगितले. तिलाही २०२१ साली पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी मधस्थ बाहेरचा, आणि दोन्ही ठिकाणी भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले तेव्हाच ते दिल्लीपर्यंत पोहोचले. पावरीच्या सुराला चौकट करून दालनात टांगता येत नाही. खानदेशचे आदिवासी कलावंत मागे राहिले यात त्यांच्या गुणांचा दोष नाही; त्यांची कला हवेत विरणारी आहे.

शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांचे 'गोधड' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि भिल्लांचे दुःख भिल्लाच्याच लेखणीतून मराठीत आले. त्यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषयच असा, की आमच्याविषयीच्या सभेत आम्हालाच मंचावर जागा नसते. गौरव समारंभांच्या आयोजकांनी ती एकदा वाचावी. हारतुरे देणारे खुर्चीवर आणि ज्याचा सत्कार तो कोपऱ्यात उभा, हे दृश्य कोणास अपरिचित आहे?

पद्म सन्मानांच्या यादीत धुळे जिल्ह्याचे आदिवासी नाव पाहू गेल्यास २०२५ सालचे चैतराम पवार यांचे नाव भेटते. ते साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे. गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी चारशेहून अधिक हेक्टर उजाड झालेले रान पुन्हा उभे केले. सन्मान समाजकार्याच्या सदरात आहे, आणि तो सर्वथा योग्य. परंतु त्याच गावी दरसाल वनभाजी महोत्सव होतो. परिसरातील बायका रानभाज्या रांधून आणतात व उत्तम पाककृतींना बक्षिसे मिळतात. कोणती भाजी पहिल्या पावसानंतर खावी, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्यावाचून तोंडात घालू नये, हे ज्ञान आजीच्या जिभेवर असते. तिचा गुण तिच्याच गावात, तिच्याच शेजारणींसमोर पारखला जातो. आहव्याच्या दरबारापेक्षा हा लहानसा मांडव अधिक मोलाचा म्हणावा लागेल.

महाराष्ट्र सरकारच्या सांस्कृतिक पुरस्कारांत आदिवासी गिरिजन असे स्वतंत्र सदर आहे. वृद्ध कलावंतांस मानधन देण्याची योजना तर १९५४-५५ पासूनची. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देऊन मानधन सर्वांस सरसकट दरमहा ५००० रुपये केले गेले. वयाची पन्नास वर्षे आणि कलेची पंधरा वर्षे सेवा, ही अट काही जाचक नाही. जाचक आहे तो पुरावा. वर्तमानपत्रांतील कात्रणे आणा, संस्थांची प्रमाणपत्रे आणा. तमाशाच्या फडाजवळ हँडबिले असतात, शाहिराजवळ सत्काराची मानपत्रे असतात. मार्गशीर्षाच्या थंडीत डोंगरावर चाळीस वर्षे पावरी वाजविणाऱ्याने कात्रण कोठून आणावे? त्या रात्री तेथे बातमीदार नव्हता. असता तर माऊल्यांनी त्याला नाचावयास लावले असते.

ऑस्ट्रेलियात तेथील आदिवासी कलावंतांसाठी 'रेड ओकर' नावाचा जीवनगौरव १९९३ पासून दिला जातो. निवड करणारे त्याच समाजांतले असतात. १९६७ साली २७ मे रोजी त्या देशाने जनमत घेऊन आदिवासींना जनगणनेत धरावयाचे ठरविले. या गौरवाचा समारंभ त्याच दिवसाशी जोडला गेला आहे. माणसांत मोजले जाणे आणि गुणी म्हणून मोजले जाणे यांतील संबंध त्यांनी असा ध्यानात ठेविला.

आपल्याकडे त्याकरिता नवा कायदा करावयास नको. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा १९९६ साली झाला. लोकांच्या रूढी, परंपरा व सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा समर्थ आहे, असे त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. परंपरा जतन करण्यास जी सभा समर्थ, ती परंपरा कोण चालवितो हे सांगण्यास असमर्थ कशी? 'अमुक मनुष्य इतकी वर्षे आमच्या डोंगऱ्या देवास पावरी वाजवितो' असा तिने ठराव केला, तर जिल्ह्याच्या निवड समितीने तो दहा कात्रणांच्या बरोबरीचा मानावयास हरकत नसावी. मानधन देणारे सरकार आणि हा कायदा राबविणारे सरकार एकच आहे.

धुळे जिल्ह्यात साक्री व शिरपूर, जळगावात चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील अनुसूचित गावांना हे आजही करता येते. एक कोरा कागद, ग्रामपंचायतीचा शिक्का आणि जमलेल्या माणसांच्या सह्या किंवा अंगठे, इतकेच साहित्य लागते. येत्या मार्गशीर्षाआधी झाले तर बरे. पावरी धरणारे हात म्हातारे होत चालले आहेत.