मुका मार

रक्त न येता बसलेल्या माराला आपल्याकडे ‘मुका मार’ म्हणतात. लहानपणी कोणी झाडावरून पडलं की आमची आजी आंबेहळदीचा गरम लेप लावायची आणि वर म्हणायची, “आज काही वाटायचं नाही, चार दिवसांनी कळेल.” हा शब्द मी चाळीस वर्षं मुलांना वाक्प्रचार म्हणून शिकवला. त्याचा अर्थ मात्र गेल्या वैशाखात कळला.

भांडुपचं एक लग्न आटोपून आम्ही भाच्याच्या गाडीतून मुलुंडला परतत होतो. लाल बहादूर शास्त्री मार्गावर सिग्नलला उभे असताना मागून टेम्पोने धडक दिली आणि ह्यांचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं. ना रक्त, ना टेंगूळ. टेम्पोवाल्याने हात जोडले, भाचा थोडा ओरडला, आम्ही घरी आलो आणि चहा घेतला. तीन आठवड्यांनी ह्यांचा चेक बँकेतून परत आला, सही जुळत नाही म्हणून. मग उजव्या पायातली चप्पल चालताना मागे राहू लागली. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी “आजोबा, वय झालं आता” असं म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. मलाही ते पटलं, हे कबूल करते. सुनेला पटलं नाही. तिने हट्टाने स्कॅन करून घेतला, तेव्हा कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलेलं दिसलं. कवटीला दोन छिद्रं पाडून ते काढलं. पाचव्या दिवशी हे घरी आले आणि आठवड्याभरात शब्दकोडं सोडवताना मला चुका दाखवू लागले. असो.

मी शाळेत मराठीबरोबर इतिहासही शिकवत असे. ती खोड काही जात नाही, त्यामुळे ह्या साठलेल्या रक्ताचा इतिहास मिळेल तिथून वाचून काढला.

१८५७ साली रुडॉल्फ विर्शो या जर्मन पंडिताने सांगितलं की हा मेंदूच्या आवरणाला आलेल्या सुजेचा आजार आहे. विर्शो म्हणजे त्या काळचं फार मोठं नाव, त्यांचा शब्द कोण खोडणार? शिवाय रोग्यालाही मार आठवत नसे, कारण तो लागून आठवडे उलटलेले असत. १९१४ साली लंडनचे शल्यविशारद विल्फ्रेड ट्रॉटर यांनी लिहिलं की ही सूज नाही, हे माराचंच रक्त आहे, आणि तो मार इतका किरकोळ असू शकतो की माणूस विसरून जातो. म्हणजे रोग्याच्या विसरण्याचा अर्थ लावायला सत्तावन्न वर्षं गेली! कारण अगदी साधं आहे. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. लहानशा धक्क्याने त्यातली एखादी फाटते. रक्त थेंबाथेंबाने साठतं, आणि आकसलेल्या मेंदूभोवती जागा असल्याने सुरुवातीला काहीच जाणवत नाही. ह्यांची तर हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळीही चालू होती. ट्रॉटरनंतरही हे डोळ्यांना दिसायला वेळ लागला. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचा सीटी स्कॅन १९७१ साली काढला.

उशिरा बोलणाऱ्या माराला खोटं ठरवण्याची परंपरा रेल्वेइतकी जुनी आहे. आमच्या मुलुंडवरून पहिली आगगाडी १८५३ साली धावली. तिकडे विलायतेत तोवर रेल्वेचे अपघात सवयीचे होऊ लागले होते. अपघातातून चालत घरी गेलेले प्रवासी काही दिवसांनी पाठदुखी, थरथर, विसराळूपणा घेऊन डॉक्टरांकडे येत. जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि म्हटलं, कण्याला बसलेल्या हादऱ्याचा हा परिणाम आहे. रेल्वे कंपनीचे सर्जन हर्बर्ट पेज यांनी १८८३ साली उलट लिहिलं, की ह्यात कण्यापेक्षा भीतीचाच भाग मोठा. मधे नुकसानभरपाईचा पैसा होता, हे वेगळं सांगायला नको. चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्टच्या अपघातातून सहीसलामत बाहेर पडले, जखमींना पाणी पाजत फिरले, आणि पुढे आगगाडीत बसलं की थरथरू लागत. त्यांना कोणी ढोंगी म्हटलं नाही; ते डिकन्स होते.

अर्थात मुका मार नेहमी आठवडे थांबतो असं नाही. ३ जून २०१४ ची सकाळ आपल्याकडे कोण विसरेल? गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते, मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली. त्यांनी पाणी मागितलं, दवाखान्यात न्यायला सांगितलं, असं तेव्हा छापून आलं. बाहेरून फारसं दिसत नव्हतं. आत यकृत फाटलं होतं आणि मानेचा मणका मोडला होता. एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेलं, पण तासाभरातच सगळं संपलं.

हा पहिला तास वाचवण्यासाठी आपल्या देशाने बरंच केलं आहे, आणि ते मोलाचं आहे. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस’ म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवर पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. त्यावरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ साली निकाल लागला: आधी जीव, मग कागद. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आली. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिलं. मे २०२५ मध्ये केंद्राची योजना आली, अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतील अशी. उत्तमच की. पण मुदत? अपघातापासून सात दिवस. ह्यांची चप्पल मागे राहिली ती तिसऱ्या आठवड्यात.

भरपाईच्या दाव्याचंही तसंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत होती. ती अन्यायाची आहे हे लक्षात येऊन १९९४ साली काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीत पुन्हा आणली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली, आणि आता तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. मोजणी धडक बसल्या दिवसापासून होते, मार कळल्या दिवसापासून नाही. आजीचे चार दिवस कायदा करणाऱ्यांनी हिशेबात धरले नाहीत, असं मला वाटतं. तुमच्यापैकी कोणी वकील असेल तर मला जरूर चूक ठरवा.

आमचे सहा महिने कार्तिकात संपतात. पोलीस ठाण्यात विचारायला गेले तेव्हा हवालदार सभ्यपणे बोलले. म्हणाले, “बाई, त्या दिवसाचा काही पुरावा?” भाच्याने टेम्पोचा नंबर घेतला नव्हता, फोटो काढला नव्हता. कालनिर्णयचं ते पान मी पिशवीतून नेलं होतं, कारण घरातलं सगळं मी त्यावरच टिपते. त्या चौकोनात लिहिलं होतं: ‘दूध दोन पिशव्या. भांडुपचं लग्न. आहेर दिला. यायला उशीर.’

हवालदारांनी पान उलटसुलट पाहिलं आणि घडी घालून मला परत दिलं.