वऱ्हाडातील समाजशास्त्राचे पदवी शिक्षण

वऱ्हाडात समाजशास्त्राचे पदवी शिक्षण अमरावती, अकोला आदी ठिकाणच्या महाविद्यालयांतून बी.ए. अभ्यासक्रमात मराठी माध्यमातूनही घेता येते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ (आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) स्थापन होण्यापूर्वी हा प्रदेश नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता.

अभ्यासविषय

कुटुंब, जातिव्यवस्था, ग्रामसमुदाय व सामाजिक समस्या हे प्रमुख घटक होत. आत्महत्येच्या प्रमाणामागे सामाजिक कारणे असतात, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १८९७ मधील ग्रंथात मांडले.

प्रादेशिक संदर्भ

कोरडवाहू कापूस, कर्जबाजारीपणा व शेतकरी आत्महत्या यांमुळे वऱ्हाडात हा सिद्धान्त केवळ पुस्तकी राहत नाही. आत्महत्येचे कारण एकट्या शेतकऱ्याच्या मनात शोधायचे की पतव्यवस्था, बाजार व नातेसंबंधांतही, हा प्रश्न विद्यार्थ्याला आपल्याच गावात तपासता येतो.