जुन्या मोटारीचे सुटे भाग

रायपूर शहर हावडा-मुंबई लोहमार्गावर वसले आहे. येथून कोलकाता सुमारे ८३० किलोमीटर, तर मुंबई सुमारे १,१४० किलोमीटर. जुनी मोटार बाळगणाऱ्या रायपूरच्या गृहस्थास या दोन्ही अंतरांची चांगलीच जाणीव असते. गाडीचे एखादे दातेरी चक्र झिजले, की त्याचा जोड शोधण्यासाठी मार्गाच्या एका टोकाला मलिक बाजार, नाहीतर दुसऱ्या टोकाला मुंबईचा चोरबाजार गाठावा लागतो. वरवर ही हौसेची पायपीट दिसते; तिचे मूळ मात्र आपल्या औद्योगिक इतिहासात आहे.

राजकुमार कॉलेज १८९४ साली जबलपुराहून रायपुरास आले आणि भोवतालच्या संस्थानांतील राजपुत्र येथे शिकू लागले. पुढे या मुलखात मोटारी आल्या, त्या प्रथम राजवाड्यांतून आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून. फोर्ड कंपनीने १९२६ साली भारतात पाऊल टाकले; १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना उघडला. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग येथे जोडले जात. कारखाने चालू होते तोवर त्यांच्या गाड्यांना भागांची ददात नव्हती.

१ जानेवारी १९४८ रोजी छत्तीसगडची चौदा संस्थाने मध्यप्रांत-वऱ्हाडात विलीन झाली आणि राजवाड्यांना आपला डामडौल आवरता घ्यावा लागला. परंतु मोटारींवर खरी पाळी आली ती त्यानंतर. ज्यांच्याजवळ भारतातच मोटार घडविण्याची योजना आहे त्यांनाच धंदा करू द्यावा, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले कारखाने गुंडाळले. हे धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. कुर्ल्याचा प्रीमियर आणि उत्तरपाड्याचा हिंदुस्थान मोटर्स हे कारखाने त्याच्या आश्रयानेच वाढले. मात्र रस्त्यावरच्या शेव्हरोले आणि फोर्ड गाड्या एकाएकी पोरक्या झाल्या.

त्यांना जगविले ते गावोगावच्या मिस्त्र्यांनी. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बेअरिंगसाठी बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असे. तो झिजल्यास नवा भाग आणण्याची गरज नव्हती. धातू वितळवून पुन्हा ओतायचा आणि हाताने तासून शाफ्टवर बेतायचा. कुशल हात असले म्हणजे झाले. तुटलेला आटेदार बोल्ट मात्र अधिक छळतो. हिंदुस्थान टेन ही गाडी म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस टेन. मॉरिसने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक मापाची. म्हणून आटे मेट्रिक राहिले, आणि इंग्रजी पाने चालावेत म्हणून बोल्टचे डोके तेवढे इंग्रजी मापाचे केले! पान्यावरून माप ओळखणारा मिस्त्री येथे हमखास फसतो, आणि चुकीचा आटा बळेच फिरविला की इंजिनाचा ठोकळाच बिघडतो.

जेथे काहीच जुळेना तेथे मिस्त्र्यांनी पर्याय बसविले: या गाडीचा कार्बुरेटर त्या गाडीला, आणि कित्येक अमेरिकन गाड्यांत तर पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे. गाडी धावत राहिली, हा त्यांचा मोठाच उपकार. पण २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला. त्याची अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या डिझेल इंजिनाने आजोबांची गाडी भंगारात जाण्यापासून वाचविली, तेच नातवाच्या मार्गात आडवे येते. मग काढून टाकलेल्या मूळ इंजिनाचा जोड शोधण्यासाठी, त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेऊन, रायपूरच्या स्थानकावर त्याला पुन्हा ठरवावे लागते : आज हावड्याची गाडी धरावी, की मुंबईची?