मंजन आधी, दंतवैद्य नंतर

रायपूरच्या छापखान्यातून पहिले नियतकालिक बाहेर पडले तेव्हा दातांचा पदवीधर डॉक्टर ही गोष्ट रायपुरातच काय, देशातही जवळपास अनोळखी होती. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी रामराव चिंचोळकरांच्या साथीने बिलासपूर जिल्ह्यातल्या पेंड्रा गावाहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. मालक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे, आणि सुरुवातीचे अंक छापले रायपूरच्या कय्यूमी प्रेसने. तिघेही मराठी घरांतले. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे येऊन राहिली होती. पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा सरकारी कारभारही नागपूर राजधानीतूनच चालला. मासिक तीन वर्षांत, १९०२ च्या अखेरीस, तोट्यामुळे बंद पडले. रायपूरमधली सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावे मात्र टिकली.

त्या काळी दात दुखला की लवंग, कडुनिंबाची काडी, वैद्याचे चूर्ण, नाहीतर बाजारात दात उपटून देणारा माणूस एवढेच उपाय होते. दंतवैद्यकाचे शिक्षण देशात १९२० मध्ये सुरू झाले. अमेरिकेहून शिकून आलेले डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी त्या वर्षी कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. त्याचा खर्च त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' या आपल्याच पेयांच्या दुकानाच्या कमाईतून भागवला. १९२५ मध्ये त्यांनी 'इंडियन डेंटल जर्नल' सुरू केले. भारतीय दंतवैद्याने माध्यम हाती घेतल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. पण ते व्यावसायिकांनी व्यावसायिकांसाठी लिहिलेले नियतकालिक होते. सामान्य वाचकापर्यंत दातांची गोष्ट पोहोचवली ती डॉक्टरांनी नव्हे, मंजनवाल्यांनी.

मंजनाचा माध्यमांतला प्रवास डॉक्टरांच्या कितीतरी आधीचा आणि कितीतरी मोठ्या आवाजातला आहे. बंदर छाप काळ्या दंतमंजनाची डबी लिहिता-वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही चित्रावरून ओळखता येई. नागपुरात किराणा दुकान चालवलेले केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी विको कंपनी काढली. 'वज्रदंती' हे तिचे पहिले उत्पादन. चित्रपटगृहांतून आणि नंतर दूरदर्शनवरून वाजणाऱ्या तिच्या जाहिराती दोन पिढ्यांना तोंडपाठ झाल्या. दातांबद्दल लोकांना काय ठाऊक असावे, हे बराच काळ अशा जाहिरातींनी ठरवले.

डॉक्टर गप्प राहिला तो कायद्यामुळेही. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला, १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि १९७६ मध्ये परिषदेची आचारसंहिता आली. दंतवैद्याने स्वतःची जाहिरात करू नये, हा तिचा गाभा. तपशील वाचण्यासारखे आहेत. दवाखान्याची पाटी ०.९ मीटर बाय ०.६ मीटरपेक्षा मोठी नको. तिच्यावर 'दात' किंवा 'वेदनारहित दात काढणे' असले शब्द नकोत. उघडझाप करणारे दिवे नकोत, काचेच्या कपाटात मांडलेले नमुने नकोत, आणि औषधाच्या दुकानावर आपली पाटी लावणे तर नकोच. पाटीवर फक्त नाव आणि पदवी. फुटपाथवर कवळ्यांची रांग मांडून बसणाऱ्यांपासून शिकलेला डॉक्टर वेगळा दिसावा, हा हेतू रास्तच होता. पण त्याचा एक उफराटा परिणाम झाला. मंजनवाला गर्जत राहिला आणि ज्याला खरे काही सांगता आले असते, त्याला पाटीवर 'दात' हा शब्दही लिहायची बंदी.

बंदी स्वतःच्या प्रसिद्धीवर होती, लोकशिक्षणावर नव्हती. रायपुरात या फटीतून वाट काढून दिली ती सरकारी माध्यमांनी. २ ऑक्टोबर १९६३ रोजी आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले. शहराचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचे. ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या 'चौपाल' कार्यक्रमातले 'बरसाती भैया' हे छत्तीसगढी बोलणारे पात्र घराघरांत ओळखीचे झाले. आकाशवाणीच्या केंद्रांवर डॉक्टरांच्या वार्ता आणि मुलाखती हा नेहमीचा भाग असे. तिथे डॉक्टर बोलत तो विषयाचा जाणकार म्हणून. स्वतःचा दवाखाना वाढवायला नव्हे.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत रायपूरचा नंबर अनेक मोठ्या शहरांच्या आधी लागला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. मध्य प्रदेशातला गट रायपूर भागातला होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची थाळी गावात उभी राही आणि संध्याकाळी संचासमोर गाव जमे. शेती, शिक्षण, कुटुंबनियोजन आणि आरोग्य हे कार्यक्रमांचे विषय. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शन केंद्र मिळाले.

या भागात तोंडाच्या आरोग्याबद्दल बोलायचे तर गुडाखू टाळून चालत नाही. तंबाखू आणि गूळ किंवा काकवी मिसळून केलेला हा काळपट लगदा छोट्या डबीत मिळतो. बोटावर घेऊन तो दातांवर, हिरड्यांवर घासायचा आणि काही वेळ तोंडात ठेवायचा. स्त्रियांतही त्याची सवय मोठी. घासणाऱ्याच्या लेखी ते दात घासणेच असते, म्हणून व्यसन म्हटलेले त्याला पटत नाही. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. गुडाखू मात्र तंबाखूजन्य पदार्थ म्हणून दुकानांत राहिला. छत्तीसगढातल्या दंतवैद्याला माध्यमांत बोलण्यासारखा हक्काचा विषय कोणता, याचे उत्तर त्या डबीत आहे.

दंतवैद्याने स्वतःच्या नावावर मोठे माध्यमजीवन उभे केल्याचे मराठीतले उदाहरण मात्र दातांशी संबंधित नाही. मूळचे चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर पेशाने दंतवैद्य. गोवा हिंदू असोसिएशनने १९६२ मध्ये वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगमंचावर आणले. दिग्दर्शक मास्टर दत्ताराम शिवाजी झाले आणि घाणेकर संभाजी. त्या एका भूमिकेने दवाखाना मागे पडला. १९६६ च्या 'अश्रूंची झाली फुले' मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या प्राध्यापक विद्यानंदांसमोर त्यांचा लाल्या उभा राहिला, तेव्हा प्रेक्षागृहातल्या शिट्ट्यांनी संवाद अडू लागले. राजदत्त यांचा 'मधुचंद्र', 'पाठलाग', 'हा खेळ सावल्यांचा' हे मराठी चित्रपट आणि 'दादी माँ', 'अभिलाषा' हे हिंदी चित्रपटही त्यांच्या खात्यावर आहेत.

नटांची नावे पुकारताना त्यांचे नाव शेवटी, 'आणि' म्हणून थोडे थांबून घेतले जाई. २०१८ मधल्या त्यांच्यावरच्या चित्रपटाचे शीर्षक त्यावरूनच आले. त्या नावाआधीची 'डॉ.' ही अक्षरे शेवटपर्यंत सुटली नाहीत. त्यांच्या पिढीतल्या रंगभूमीला डॉक्टर नवे नव्हते: श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. दातांचे डॉक्टर म्हणून घाणेकर त्यांत वेगळे, आणि लोकप्रियतेत बहुधा सर्वांच्या पुढे. २ मार्च १९८६ रोजी नाटकाच्या दौऱ्यावर असताना अमरावतीत त्यांचे निधन झाले. आचारसंहितेला त्यांच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती, कारण रंगमंचावर ते दातांबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. अलीकडे पुण्याचे दंतवैद्य आशुतोष जावडेकर कादंबऱ्या आणि पाश्चात्त्य संगीतावरच्या लेखनामुळे ओळखले जातात. वाट तीच, मंच वेगळा.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनली. तोवर इथल्या मुलांना दंतवैद्यक शिकायला इंदूर किंवा नागपूर गाठावे लागे. २००३ मध्ये रायपूरचे शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले आणि स्थानिक वृत्तपत्रांना, वाहिन्यांना शहरातच विचारता येतील असे प्राध्यापक मिळाले. विचारायला कारणेही होती. २००९-१० च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ५३.२ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ३९.१ टक्क्यांवर आले, तरी देशाच्या २८.६ टक्क्यांहून ते बरेच वर होते. मधल्या काळात, २०१२ मध्ये, राज्याने गुटख्यावर बंदी घातली. ही घट कोणाच्या भाषणांमुळे झाली हे सांगणे अवघड आहे. कर, बंदी आणि पाकिटावरची चित्रे यांचाही त्यात वाटा धरावा लागतो.

आचारसंहिता २०१४ मध्ये नव्याने लिहिली गेली. दवाखाना सुरू होणे, पत्ता बदलणे, काही काळ रजेवर असणे अशा गोष्टी वृत्तपत्रातून कळवायला तिने मुभा दिली. स्वतःची जाहिरात आणि उत्पादनाची शिफारस यांवरची बंदी तशीच राहिली. जाहिरातदारांनी यावर काढलेली युक्ती प्रेक्षकांच्या ओळखीची आहे: टूथपेस्टची शिफारस करायला विलायतेत व्यवसाय करणारे दंतवैद्य पडद्यावर येऊ लागले. २०२२ च्या सुरुवातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या अशा जाहिराती थांबवल्या. भारतातल्या डॉक्टरला जे करता येत नाही ते परदेशी डॉक्टरकडून करून घेता येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. त्याच प्रकरणात दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसाठी १० लाख रुपयांचा दंडही झाला.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. १९४८ च्या कायद्याची आणि दंत परिषदेची जागा या आयोगाने घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. त्याच्या तीन मंडळांपैकी एकाकडे आचारनीती आणि नोंदणी सोपवली आहे. पाटी किती मोठी असावी याचे मोजमाप ठरवणाऱ्या जुन्या नियमांनी मोबाइलवरच्या चित्रफितीचा विचार केला नव्हता. ते काम आता या मंडळाच्या वाट्याला येते.