मोटारगाडीतील वातानुकूलन : कुबट वास आणि ओल

मोटारगाडीचा एसी सुरू करताच पहिल्या काही क्षणांत येणारा बुरशीसारखा, ओल्या मोज्यांसारखा किंवा आंबूस वास आणि त्याच्या जोडीने गाडीच्या आत साचणारी ओल. दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते : हवेतून काढलेले पाणी पुरते बाहेर न जाता गाडीतच राहणे. वासाचा बंदोबस्त म्हणजे या पाण्याचा बंदोबस्त. सुगंधी डबीने तो होत नाही.

एसी हवा थंड करतो तसाच ती कोरडीही करतो. डॅशबोर्डच्या आत, बहुतेक गाड्यांत पुढच्या प्रवाशाच्या बाजूला किंवा मध्यभागी, बारीक पात्यांची अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते. तांत्रिक भाषेत तिला इव्हॅपोरेटर म्हणतात, गॅरेजमध्ये कूलिंग कॉइल. तिचे तापमान शून्याच्या थोडे वर राखलेले असते. जुलैतल्या मुंबईची किंवा रत्नागिरीची हवा घेतली, तर ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेला तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ५ अंशांना हवा जेमतेम ७ ग्रॅम बाष्प धरू शकते. उरलेले १७ ग्रॅम कॉइलवर पाणी होऊन उतरतात. हे पाणी खालच्या तबकात जमते आणि एका नळीवाटे रस्त्यावर ठिबकते. पावसाळ्यात उभ्या गाडीखाली दिसणारे स्वच्छ पाण्याचे थारोळे हे बिघाडाचे लक्षण नाही. उलट दमट हवेत पंधरा-वीस मिनिटे एसी चालूनही खाली थेंब पडत नसेल, तर नळी तुंबल्याची शंका घ्यावी.

इंजिन बंद केले की थंडावा थांबतो, पण कॉइलच्या पात्यांमध्ये पाणी अडकून राहते. अंधार, ऊब, ओल आणि फिल्टरमधून सुटून आलेली धूळ व परागकण एवढे मिळाल्यावर जिवाणू आणि बुरशी तिथे पातळ थर धरतात. दुसऱ्या दिवशी ब्लोअर सुरू होताच त्या थराचा वास आत येतो. दम्याच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या रुग्णांना बुरशीचे बीजाणू त्रास देऊ शकतात, म्हणून लहान मुले आणि वृद्ध रोज बसतात त्या गाडीत हा वास चालवून घेऊ नये.

१९३९ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार आणली, तेव्हा थंड करणारा भाग मागच्या सीटच्या पाठीमागे होता. १९५४ च्या नॅश गाड्यांपासून सगळी यंत्रणा पुढे, बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये सामावली. जागा वाचली, पण आजही अनेक गाड्यांत कॉइल बाहेर काढायची तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ती मुळात कोरडी राखणे म्हणूनच फार स्वस्त पडते.

त्यासाठी मुक्कामाला पोचण्याच्या चार-पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून ब्लोअर चालू ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. हा सल्ला सर्वत्र दिला जातो. देशावरच्या कोरड्या हवेत तो उत्तम लागू पडतो. किनारपट्टीवर मात्र ऐन पावसाळ्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, तिने कॉइल लवकर सुकत नाही. तिथे काचा उघडून ब्लोअर आणखी काही मिनिटे चालू ठेवावा.  याच वेळी कॉइलवरचे पाणी वाफ होऊन आत परतते आणि काच धूसर होऊ शकते, तेव्हा मुसळधार पावसात किंवा घाटात हा प्रयोग करू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतते. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर ब्लोअर आपोआप चालून कॉइल सुकवण्याची सोय असते.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि तो घरी बदलता येतो. गाडीच्या पुस्तिकेतल्या मुदतीखेरीज पावसाळा संपल्यावर तो एकदा पाहावाच, विशेषतः गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर. पुढच्या काचेच्या पायथ्याच्या जाळीत अडकलेला पाचोळा तिथेच कुजतो. वास जुना असेल, तर कॉइलवर फेसाळ क्लीनर मारून तो नळीवाटे निथळू द्यावा आणि नंतर दारे उघडी ठेवावीत. ओझोनच्या यंत्राने वास काही काळ दबतो, पण कॉइलवरचा थर तसाच राहतो. शिवाय ओझोन फुप्फुसांना घातक आहे. एसीत गॅस भरून घेण्याचा आणि वासाचा काहीही संबंध नाही.

नळी तुंबली की पाणी पुढच्या प्रवाशाच्या पायांशी, फूटमॅटखाली उतरते. वरून कोरडे वाटले तरी गालिच्याखालचे जाड अस्तर पाणी धरून ठेवते, पत्रा गंजतो आणि तिथून जाणाऱ्या वायरींचे जोड खराब होतात. अस्तर उचलून उन्हात वाळवण्याला पर्याय नाही. एसी न लावताही मॅट भिजत असेल, तर दारांचे रबर, पुढच्या काचेची कड किंवा सनरूफच्या नळ्या तपासाव्यात.

सगळेच वास बुरशीचे नसतात. कुजका, असह्य दुर्गंध बहुधा ब्लोअरपाशी मेलेल्या उंदराचा असतो. जळका वास वायरिंगचा असू शकतो, गाडी तिथेच थांबवावी. गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुके हे हीटरमधून कूलंट गळत असल्याचे चिन्ह आहे. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने अशी गाडी विलंब न लावता दुरुस्तीला न्यावी.