दृक्‌श्राव्य साधने, विशेष शिक्षणातील

दृक्‌श्राव्य साधने, विशेष शिक्षणातील : दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, आकलन किंवा लक्ष यांपैकी एखाद्या बाबतीत अडचण असलेल्या मुलांना शिकवताना वापरल्या जाणाऱ्या चित्रफिती, ध्वनिपुस्तके, संगणक-मोबाइलवरील ॲप आणि सहायक उपकरणे. सर्वसाधारण वर्गात चित्रफीत पुस्तकाच्या जोडीला येते. येथे ती पुष्कळदा पुस्तकाची जागाच घेते. त्यामुळे फितीतली चूकही इथे जास्त महागात पडते.

यांपैकी कर्णबधिरांसाठीच्या साधनांची सुरुवात शाळेत झाली नाही, चित्रपटगृहात झाली. मूकपटात संवाद पाट्यांवर लिहिलेले असत. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ साक्षर कर्णबधिर प्रेक्षकाला इतरांइतकाच कळत असे. बोलपट आले, पाट्या गेल्या आणि या प्रेक्षकाचा चित्रपट हिरावला गेला. मूकपटांतून कामे केलेला कर्णबधिर नट इमर्सन रोमेरो याने १९४७च्या सुमारास अमेरिकेत बोलपटांच्या फिती कापून त्यांत पुन्हा पाट्या घातल्या. १९५८मध्ये अमेरिकी सरकारने कर्णबधिरांसाठी चित्रपटांना कॅप्शन देण्याचा कायदा केला आणि पुढे त्यात शैक्षणिक चित्रपटही आले.

कर्णबधिर मुलांसाठी कॅप्शन दिले की काम झाले, असा समज आजही आढळतो. तो अपुरा आहे. सांकेतिक भाषा हीच ज्याची पहिली भाषा, त्याला मराठी ही दुसरी भाषा असते. ‘झाड’चे ‘झाडाला’, ‘झाडावरून’ होताना बदलणारे रूप त्याच्या कानावर कधी पडलेले नसते आणि पडद्यावरची ओळ तर दोन-तीन सेकंदांत निघून जाते. लहान वर्गांत म्हणून सांकेतिक भाषेतलीच फीत हवी. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि भुवया, ओठ, मान यांच्या हालचालींनी अर्थ बदलतो. कोपऱ्यातल्या टिचभर चौकटीत दुभाषा दाखवला, की भाषेचा हा अर्धा भाग दिसतच नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट फीत बनवणाऱ्या ऐकत्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. ऐकू येणारे मूल हृदयाची आकृती पाहता पाहता स्पष्टीकरण ऐकते. कर्णबधिर मुलाला दोन्ही कामे डोळ्यांनीच करायची असतात. ते आकृती पाहील तर खुणा हुकतात, खुणा पाहील तर आकृती. चांगल्या फितीत आधी आकृती येते, ती थांबते, मग खुणा, मग पुन्हा आकृती. फीत तशी नसेल तर शिक्षकाने पॉजचे बटण सढळ हाताने वापरावे. पाच मिनिटांच्या फितीला पंधरा मिनिटे लागली तरी चालेल.

भारतात या कामासाठी २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश चित्रफितींचाच आहे : २०१८मध्ये सुमारे ३,००० शब्दांनी सुरू झालेला हा कोश २०२१मध्ये १०,००० शब्दांवर गेला. एनसीईआरटीची पहिली ते बारावीची पुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार ऑक्टोबर २०२०मध्ये झाला, आणि डिसेंबर २०२४मध्ये पीएम ई-विद्या योजनेत या भाषेची स्वतंत्र वाहिनी (क्रमांक ३१) सुरू झाली.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत चित्रफितीचा उपयोग वेगळ्याच अंगाने होतो. काही स्वमग्न मुले समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायला कचरतात. पडद्याकडे मात्र निवांतपणे पाहतात. पडदा दर वेळी तेच, त्याच स्वरात सांगतो, हेही त्यांच्या पथ्यावर पडते. त्यातून व्हिडिओ प्रतिरूपणाची पद्धत निघाली : एखादी कृती कोणीतरी नीट करून दाखवते, तिची फीत मूल पाहते आणि तीच कृती करते. अमेरिकेत मार्जोरी चार्लोप-ख्रिस्टी व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच स्वमग्न मुलांना काही कृती फितीवरून, तर काही माणसाने प्रत्यक्ष करून दाखवून शिकवल्या. बहुतेकांनी फितीवरून लवकर शिकून घेतले. पाच मुलांवरून सर्वांचा नियम होत नाही, पण पुढे झालेल्या अनेक छोट्या अभ्यासांचा कलही याच दिशेचा आहे.

ही पद्धत स्वस्त आहे, हा तिचा मोठा गुण. साधा मोबाइल पुरतो. फीत एक-दोन मिनिटांची, तीत एकच कृती : डबा उघडून जेवणे, नळ सुरू करून हात धुणे, दुकानदाराला पैसे देऊन सुटे परत घेणे. मुलाच्या डोळ्यांना दिसेल त्याच कोनातून, म्हणजे फक्त हात आणि वस्तू दिसतील असे चित्रण केले तर अनेकांना सोपे जाते. दुसरा प्रकार स्वप्रतिरूपणाचा. मदत घेत घेत मुलाने केलेले काम चित्रित करायचे आणि मदतीचे तुकडे कापून टाकायचे. उरलेल्या फितीत मूल स्वतःलाच ते काम सफाईने करताना पाहते. फितीच्या सुरुवातीला संगीत, नाव, नाचणारी अक्षरे घालण्याचा मोह मात्र आवरावा. मूल नेमके तेच पाठ करते आणि हात धुणे राहून जाते. कृती जमू लागली, की फीत हळूहळू कमी करत बंद करायची असते. हा टप्पा घरी आणि शाळेतही सर्रास विसरला जातो.

अंध विद्यार्थ्यासाठी फितीतला आवाज हाच धडा. ‘हा कोन इथून असा गेला’ असे बोलणारा शिक्षक त्याला काहीच सांगत नाही. ‘पायाशी ९० अंशांचा कोन’ म्हटले, की वेगळ्या ध्वनिवर्णनाची (पडद्यावर दिसते ते शब्दांत सांगण्याची) गरज पुष्कळ कमी होते. वाचनासाठी डेझी पद्धतीची ध्वनिपुस्तके आहेत. त्यांत प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येते. २०१६मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयातून ती मिळतात. अशा प्रती बनवणे सुलभ करणारा माराकेश करार २०१३चा. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. मराठीपुरती अडचण घरचीच आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात विस्कळीत रोमन अक्षरे सापडतात आणि तो तीच वाचतो. पान स्कॅन करून केलेली पीडीएफ तर त्याच्या लेखी नुसते चित्र. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेला मोफत स्क्रीन रीडर एनव्हीडीए मराठी वाचतो खरा, मात्र मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना ऐकू येणारा शब्द पडद्यावर त्याच वेळी ठळक होणारी साधने उपयोगी पडतात. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रावर बोट ठेवले की शब्द उच्चारणारी ॲप आहेत. चेन्नईत तयार झालेले ‘आवाझ’ त्यांतले परिचित नाव. सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत अपस्माराचे प्रमाण अधिक असते, म्हणून झटका आणू शकणारी झगमगती फीत टाळावी. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखाट नको, असा वेबसाइटसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषेतील अनुवाद आणि कॅप्शन यांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला वयाच्या १८ वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधने मोफत पुरवण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १७मध्ये आहे.