कोलंबियाच्या अवशेषांतली हार्ड डिस्क

मागच्या भागात फ्लॉपीचा इतिहास झाला. आज एका जळालेल्या हार्ड डिस्कची गोष्ट.

१ फेब्रुवारी २००३. सोळा दिवसांची मोहीम संपवून परत येणारं कोलंबिया यान टेक्सासच्या आकाशात तुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. हे आपल्याला माहीत आहे. पण त्यांनी वर केलेल्या कामाचं काय झालं?

यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता. सॉसची बाटली हलवली की घट्ट सॉस पातळ होतो ना? ठरावीक तापमान आणि दाबाला झेनॉनही तसाच वागतो का, हे तपासायचं होतं. पृथ्वीवर त्या अवस्थेतला वायू स्वतःच्याच वजनानं खाली दबतो, मोजमाप बिघडतं. म्हणून तो अंतराळात नेला. काही आकडे उड्डाण चालू असतानाच खाली आले होते, बाकीचे यानातल्या डिस्कवर. ही डिस्क अर्ध्या जीबीपेक्षाही लहान!

अवशेषांत ती सापडली तेव्हा ओळखूसुद्धा येत नव्हती. सर्किट जळालेलं, कडा वितळलेल्या, सील गेल्यामुळे आत धूळ. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या जॉन एडवर्ड्स यांच्याकडे ती आली. त्यांनी आतल्या तबकड्या काढल्या, रसायनानं धुतल्या आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या. सुमारे ९९ टक्के डेटा परत आला! २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. झेनॉन खरंच तसा वागतो.

आता इंजिनिअर म्हणून मला यातलं 'कसं' जास्त महत्त्वाचं वाटतं. एक, तबकड्या वाकल्या नव्हत्या. दोन, डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती आणि मार बसला तो रिकाम्या भागाला. तीन, संगणक जुन्या डॉसवर चालायचा, त्यामुळे डेटा इकडेतिकडे न विखुरता सलग लिहिलेला होता. कोलंबियाच्याच इतर डिस्कमधून मात्र काही निघालं नाही. कौशल्य होतंच, पण नशीबही होतं.

आमच्या यवतमाळात डिस्क पडली, कटकट आवाज यायला लागला की लोक ती दहादा चालू करून बघतात. काही तर स्क्रू खोलतात. असं करू नका, बाप्पा! वाचणारं हेड तबकडीच्या इतकं जवळून फिरतं, की धुळीचा एक कणही त्याला धोंड्यासारखा. बिघडलेलं हेड फिरत राहिलं तर पृष्ठभागच खरवडून काढतं, आणि एकदा खरवडलेलं एडवर्ड्स यांनाही परत आणता येत नाही. आधी बंद करा, मग जाणकाराकडे न्या.

आणि लग्नाचे फोटो, सातबारा, शेताचे कागद दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आजच करा.

भेटू पुढच्या भागात.